सरबताच्या बाटलीत फळ किती?

मे महिन्यात दादर-परळच्या कोकणी मालाच्या दुकानांत बाटल्यांची रांग लागते. अमृत कोकम, करवंद, जांभूळ, शेजारी पाचगणीकडचा स्ट्रॉबेरी क्रश, कोपऱ्यात लिंबाचं कॉर्डियल. गिऱ्हाईक बाटली उचलतं, उजेडात धरून रंग बघतं, भाव विचारतं आणि पिशवीत टाकतं. मागच्या बारीक अक्षरांकडे बघायला त्या गर्दीत कुणाला सवड नसते.

त्या अक्षरांमागे दोन आकडे आहेत: रसाचा आणि साखरेचा. १९५५च्या फ्रूट प्रॉडक्ट्स ऑर्डरने ते देशभर लागू केले. ऑगस्ट २०११पासून अन्नसुरक्षा कायदा आला, एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक बाटलीवर दिसू लागला, पण हे आकडे तसेच पुढे चालत आले. कॉर्डियल असो, स्क्वॉश, क्रश किंवा सिरप, फळांचा रस किमान २५ टक्के हवा. त्याखाली गेलात तर ‘फळांचं सिरप’ म्हणून विकता येत नाही. मग या चौघांत फरक कसला? कॉर्डियल गाळून नितळ केलेलं असतं हे खरं, पण कायद्याच्या तक्त्यात त्यांना वेगळं करते ती साखर. विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, कॉर्डियलमध्ये निदान ३० टक्के, स्क्वॉशमध्ये ४०, क्रशमध्ये ५५ आणि सिरप किंवा सरबतात ६५.

हा ६५चा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. जंतू, यीस्ट, बुरशी यांना जगायला पाणी लागतं आणि तेही मोकळं पाणी. साखरेचे रेणू आजूबाजूच्या पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात, त्यामुळे बाटलीत पाणी असूनही जंतूंच्या वाट्याला येत नाही. उलट त्यांच्याच पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. हे मोकळेपण मोजायच्या मापाला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याची ती १, आणि ६५ टक्के साखरेच्या पाकाची साधारण ०.८६. बहुतेक जिवाणू ०.९०च्या खाली वाढत नाहीत, नेहमीची यीस्ट ०.८८च्या आसपास हात टेकतात. म्हणजे ६५ टक्क्यांना आपण कुंपणाच्या जेमतेम आत येतो. साखरेलाच सोकावलेली काही यीस्ट याहूनही दाट पाकात तग धरतात, तेव्हा पूर्ण निर्धास्त होता येत नाहीच. आणि ३० टक्क्यांचं कॉर्डियल तर जवळजवळ पाण्याइतकंच मोकळं, ०.९७च्या घरात. एकट्या साखरेच्या भरवशावर ते टिकणं शक्य नाही.

१८६७ साली स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरात लॉकलन रोझ यांनी लिंबाचा रस दारूऐवजी साखरेत टिकवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. खलाशांना स्कर्व्ही या आजारापासून वाचवायला तो रस लागायचा. आपल्याकडे मात्र कोकणातल्या बायका हेच काम पेटंटबिटंट न घेता करत आल्या आहेत. पिकलेले रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, सालींच्या वाट्या करायच्या, त्यांत साखर भरून बरणीत थरावर थर लावायचे आणि बरणी आठवडाभर उन्हात ठेवायची. पाणी एक थेंबही घालायचं नाही. परासरणाने, म्हणजे साखरेच्या ओढीने, सालीतला रस बाहेर येतो, साखर त्यात विरघळते, आणि त्याबरोबर रंग आणि आम्लही उतरतं. कोकम इतकं आंबट की त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) २च्या आसपास जातो. भरपूर साखर आणि इतकी आंबट चव एकत्र आली की घरचं अमृत कोकम काही न घालता वर्षभर राहतं.

कारखान्याला वर्षभराचा टिकाव पुरत नाही, म्हणून परिरक्षकं, म्हणजे माल टिकवणारी रसायनं, येतात. सल्फर डायऑक्साइड दर किलोला ३५० मिलिग्रॅमपर्यंत किंवा बेन्झोइक आम्ल ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. आंबा, संत्रं, अननस यांत सहसा पहिलं, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या रूपात, लेबलवर २२४ हा आकडा. कोकम-जांभळात ते घातलं तर फळाचा लाल-जांभळा रंग, म्हणजे ॲन्थोसायनिन, फिका पडतो. तिथे सोडियम बेन्झोएट, २११. बेन्झोएटची गंमत अशी की ते आंबटातच काम करतं. त्याचा अविघटित, म्हणजे पाण्यात न फुटलेला अख्खा रेणूच जंतूच्या पेशीत शिरू शकतो. पीएच ३ला सुमारे ९४ टक्के रेणू त्या रूपात असतात, पीएच ६ला दीड टक्का. फिक्या चवीच्या पेयात बेन्झोएट टाकणं म्हणजे निव्वळ लेबल वाढवणं.

आता पेल्यातला हिशेब. ६५ टक्क्यांचं सिरप ५० मिलिलिटर घेतलं तर त्याचं वजन सुमारे ६६ ग्रॅम. त्यात रस कायद्यापुरता १६ ग्रॅम आणि साखर ४० ग्रॅमच्या वर. चौपट पाणी घातलं की पेलाभर सरबतात फळ पाच-सहा टक्के उरतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाकाठी वरून घेतलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. एका पेल्यात तो कोटा बहुतेक संपतो. पाहुण्यांना आग्रहाने दुसरा पेला भरणाऱ्यांनी हे ऐकलेलं बरं.

यातली अडचण वेगळीच आहे. साखर मोजायला खिशात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाश किती वाकतो यावरून साखर सांगणारं उपकरण, आणि दोन थेंब पुरतात. भिंगावरची रेषा ६५च्या पुढे गेली की पास. रस २५ टक्के आहे की बारा, हे मात्र कुठलंही एक यंत्र सरळ सांगत नाही, कारण रस म्हणजे पाणी, साखर, आम्ल आणि क्षार, आणि हे सगळं बाजारात सुटं मिळतं. मग प्रयोगशाळा खुणा शोधते: पोटॅशियम किती, अमिनो आम्लं किती. संत्र्यात सायट्रिक आम्लाबरोबर थोडं आयसोसायट्रिक असतं. बुरशीच्या साहाय्याने बनवलेलं स्वस्त सायट्रिक आम्ल ओतलं की या दोघांचं प्रमाण बिघडतं आणि चोरी उघडी पडते. कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं, ते फार थोड्या फळांत सापडतं. त्या बाबतीत कोकम आपला साक्षीदार बरोबर घेऊन फिरतं.

रंगाची एक चाचणी घरीही होते. पातळ केलेल्या सरबतात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. रंग कोकमाचा असेल तर लाल जाऊन निळसर-हिरवट किंवा मळकट छटा येते. कार्मोइसिनसारखा कृत्रिम लाल फारसा हलत नाही. त्या रंगाला परवानगी आहे, मर्यादेत आणि लेबलवर सांगून. त्याच्या जोरावर कमी फळ झाकलं जाऊ नये, एवढीच अपेक्षा. माझं मत विचाराल तर रसाची टक्केवारी बाटलीच्या तोंडावर, फळाच्या चित्राइतकीच ठळक छापायला हवी. चित्र तर नेहमी रसरशीतच असतं.

फळापेक्षा साखर स्वस्त आणि पाणी त्याहून स्वस्त, या गणितावर हा धंदा उभा आहे. रातांबा एप्रिल-मेचा पाहुणा, वळवाचा पाऊस लागला की झाडावरच सडतो. म्हणून त्याचा सिरप करून पाणी न वाहता मुंबईला पाठवणं फायद्याचं. करातही कटकटी होत्या: सरबताला १८ टक्के जीएसटी, फळांच्या रसाच्या पेयाला १२, म्हणजे बाटलीत नेमकं काय आहे यावर पैसे ठरणार. २२ सप्टेंबर २०२५पासून दोन्ही ५ टक्क्यांवर आले आणि त्या वादातली हवाच गेली.

झाकण उघडल्यावर मात्र सगळी जबाबदारी आपली. मुंबईच्या दमट हवेत फ्रिजमधली बाटली बाहेर काढून उघडली की आत शिरलेल्या हवेतली वाफ थंड गळ्याला थेंबांच्या रूपाने चिकटते. ते थेंब ओघळून सिरपच्या वरच्या थरावर बसतात. खाली ६५ टक्के पाक जसाच्या तसा असतो, पण वरचा पातळ पापुद्रा बुरशीला राहण्याजोगा होतो. ओला चमचा घातला तरी तेच. म्हणून लहान बाटली घ्यावी, ओतून लगेच आत ठेवावी, मधूनमधून हलवून वरचा थर खालच्यात मिसळावा. झाकण काढताना फुसकन हवा सुटली, तर आत यीस्टने आंबवणं सुरू केलं आहे. ती बाटली पाहुण्यांसमोर न आणता मोरीत रिकामी करावी.