एक आकडा दिसला की पुढचे सगळे कळले

पोस्टग्रेस डेटाबेसकडे रँडम आकडा मागितला की तो 0 आणि 1 यांच्या मधला एखादा आकडा लगेच काढून देतो. वाटतं, नशिबाचा खेळ. असतो मात्र निव्वळ हिशोब, आतल्या संख्येवरून पुढची संख्या काढण्याचा. 14 व्या आवृत्तीत तो कागदावरही करता यायचा: संख्येला 25214903917 ने गुणा, 11 मिळवा, खालचे 48 बिट (0 किंवा 1 असे द्विमान अंक) ठेवा. आणि बाहेर पडणारा आकडा म्हणजे हेच 48 बिट, दशांश चिन्हामागे मांडलेले! एक उत्तर हाती आलं की पुढची सगळी रांग उघडी.

2022 मधल्या 15 व्या आवृत्तीत त्या जागी झोरोशिरो ही 128 बिटांची रीत आली. आकडे कितीतरी चांगले विखुरले. पथ्य एकच: आतले सगळे बिट शून्य असता कामा नयेत. शून्याला कितीही गुणा, फिरवा, सरकवा, हाती शून्यच. सुरुवातीचं बीज, म्हणजे जिथून हिशोब सुरू होतो ती संख्या, योगायोगाने असं निघण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. तरी कोडमध्ये त्यासाठी तपासणी आहे, आणि तसं घडलंच तर दोन ठरलेल्या संख्या तिथे भरल्या जातात. कधीच न येणाऱ्या प्रसंगाची ही तजवीज मला फार भावते.

फाशासारखा सहांपैकी एक आकडा काढतानाही अशीच काळजी घेतलेली आहे. तीन बिटांत 0 ते 7 असे आठ आकडे बसतात, आपल्याला हवेत सहा. सहाने भागून बाकी घेतली तर 0 आणि 1 इतरांच्या दुप्पट वेळा येतील. म्हणून पोस्टग्रेस 6 किंवा 7 आला की टाकून देतो आणि नव्याने आकडा काढतो, सापशिडीत फासा पटाबाहेर गेला की आपण पुन्हा टाकतो तसा. असं पुन्हा पुन्हा करूनही सरासरी दोन खेपांच्या वर जावं लागत नाही.

पण झोरोशिरोही हिशोबच. त्याचेही थोडे आकडे पाहून आतली स्थिती शोधता येते. नमुन्याच्या ओळी निवडायला किंवा चाचणीचा डेटा भरायला तो उत्तम. तिथे तेच बीज देऊन तीच रांग पुन्हा मिळते, ही उलट सोयच. गुपितांसाठी मात्र सर्व्हरच्या कोडमध्ये वेगळी वाट आहे. ती ओपनएसएसएल (माहिती सांकेतिक करण्याचं सॉफ्टवेअर) किंवा ऑपरेटिंग सिस्टिमकडून अंदाज न बांधता येणारे बाइट आणते. 13 व्या आवृत्तीपासून कोणतंही एक्स्टेंशन (वरून जोडायचा भाग) न बसवता मिळणारा यूयूआयडी, म्हणजे एकमेव ओळख म्हणून वापरायचा लांबलचक क्रमांक, याच वाटेने येतो, त्यात 122 बिट रँडम असतात. तो हाताशी असताना पासवर्ड बदलण्याच्या लिंकमध्ये साध्या रँडमचा आकडा घालणं मला अजिबात पटत नाही.