अहवालात एकूण गुण का नसतात: हॉकीपटूंच्या पालकांसाठी आणि संघांसाठी माहितीपत्रक

आमचा मूल्यमापन अहवाल हातात पडला की बहुतेक पालक थेट शेवटचं पान उघडतात आणि विचारतात, "शंभरापैकी किती?" तो आकडा आम्ही देत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचा वेग, चेंडूवरचा ताबा, खेळाची समज आणि उंची यांची बेरीज केली, तर ती आज मैदानावर किती मोठी दिसते एवढंच कळतं. ती कुठवर जाईल हे त्या बेरजेतून कळत नाही. म्हणून अहवाल वाचण्याआधी हे पत्रक वाचावं, ही विनंती.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमची छोटी फर्म आहे. हॉकीतल्या उमेदीच्या खेळाडूंचा खेळ पाहायचा आणि त्याची लेखी नोंद ठेवायची, एवढंच आमचं काम. या शहराला हॉकी नवी नाही. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असं हरवलं, त्यातले दहा गोल एकट्याने करणारे कॅप्टन रूपसिंह इथेच राहिले. त्यांच्या नावाचं स्टेडियम आज लोकांना क्रिकेटमुळे ठाऊक आहे, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. पण २००६ पासून राज्याची महिला हॉकी अकादमी इथे आहे, आणि २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पॉचेफ्स्ट्रूमच्या ज्युनिअर विश्वचषकात चौथ्या आलेल्या भारतीय संघाची उपकर्णधार इशिका चौधरी ग्वाल्हेरचीच.

हॉकी इंडिया लीग, म्हणजे लिलावात खेळाडू घेणाऱ्या संघांची स्पर्धा, २०१७ नंतर थांबली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत लिलाव झाला आणि ती पुन्हा सुरू झाली, महिलांची लीगही पहिल्यांदाच आली. चोवीस जणांच्या संघात चार ज्युनिअर हवेतच, असा नियम ठेवला गेला. त्यामुळे संघांना कोवळ्या वयाच्या खेळाडूंची माहिती लागते आणि घरोघरी आशा वाढल्या आहेत. आमच्याकडे दोन्ही बाजू येतात. दोघांना आम्ही तोच अहवाल देतो, त्याच शब्दांत.

पहिलं पान: शरीर कुठे पोचलं आहे

हे पान कंटाळवाणं वाटतं, पण सगळ्यात आधी हेच वाचा. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्या. ही सरासरी झाली. एकाच वर्गातल्या दोन मुलींमध्ये या बाबतीत दोन वर्षांचं अंतर सहज असतं. लवकर वाढलेली मुलगी चौदा वर्षांखालच्या सामन्यात अंगाच्या जोरावर चेंडू मिळवते, लांब हिट मारते, गोल करते. उशिरा वाढणारीला जोराचा मार्ग बंद असतो, म्हणून ती चेंडू येण्याआधीच वळून पाहून घेते आणि पटकन पास देऊन मोकळी होते. निवड चाचणीत पहिली डोळ्यांत भरते. अठराव्या वर्षी दोघींच्या अंगातलं अंतर बरंच मिटतं, आणि दुसरीने शिकलेलं पहिलीला तेव्हा नव्याने शिकावं लागतं. तोवर दुसरी खेळत असेल तर. बऱ्याच वेळा ती स्टिक कोपऱ्यात ठेवून अभ्यासाला लागलेली असते.

त्यात जन्मतारखेची भर पडते. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेली आणि डिसेंबरात जन्मलेली यांच्यात जवळजवळ वर्षाचा फरक असतो. बाराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे फार झालं.

म्हणून आम्ही उभ्याने उंची, बसून उंची, वजन आणि आई-वडिलांची उंची नोंदवतो. बसून उंची कशाला, असं नेहमी विचारलं जातं. वाढीच्या काळात आधी पाय लांबतात, धड मागून वाढतं. दोन्ही मापं ठरावीक अंतराने घेत गेलं की मूल वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे याचा अंदाज येतो. पाय एकदम लांबले की काही महिने तोल बिघडतो, काल सहज होणारं ट्रॅपिंग (येणारा चेंडू स्टिकवर थांबवणं) आज सुटतं. अशा वेळी अहवालात "वाढीमुळे तात्पुरती घसरण" असं लिहिलेलं दिसेल. तेव्हा कृपा करून मुलीला रागावू नका. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखतं म्हणाली तर तो बहाणा समजू नका. वेगाने वाढणाऱ्या हाडांना स्नायूंचा ताण बसतो आणि खरंच दुखतं. डॉक्टरांना दाखवा, सराव कमी करा.

मैदानावरच्या नोंदी

इथे आम्ही वाक्यं लिहितो. नमुन्यादाखल एक: "डावीकडून दबाव आला की रिव्हर्सने (स्टिक उलटी फिरवून) चेंडू नीट थांबवते, पण मान खालीच राहते. उजवीकडची मोकळी सहकारी दिसत नाही." यात कौतुकही आहे आणि पुढच्या सहा महिन्यांचं कामही. तिचा हात तयार आहे, आता नजर वर यायला हवी. हे वाक्य तुमच्या प्रशिक्षकांना दाखवा. त्यांना त्यातून उद्याचा सराव आखता येईल, शंभरापैकी अडुसष्ट या आकड्यातून काहीच आखता येणार नाही.

आम्ही सगळ्यात जास्त लक्ष देतो ते चेंडू गमावल्यानंतरच्या काही सेकंदांकडे. मुलगी जागच्या जागी थांबते, हात झटकते, की लगेच उलट धावते? डिफेंडर असेल तर समोरचीला साइडलाइनकडे ढकलत नेते, की उतावीळपणे स्टिक टाकते? या सवयी उंचीवर अवलंबून नाहीत आणि त्या वयाबरोबर टिकतात, असं आमचं ठाम मत आहे.

धावण्याच्या चाचण्याही घेतो. हॉकी आता पंधरा मिनिटांच्या चार सत्रांत खेळली जाते आणि खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, त्यामुळे एकदा लांब धावण्यापेक्षा पुन्हा पुन्हा जोरात धावणं महत्त्वाचं. यो-यो चाचणीत हेच तपासलं जातं: वीस मीटर जायचं, वीस मीटर यायचं, दहा सेकंद विश्रांती, आणि वेग चढत जातो. त्यातला आकडा अहवालात असतो, पण तो पहिल्या पानाशी जोडूनच वाचावा.

ड्रॅग-फ्लिकबद्दल, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलकडे भिरकावण्याबद्दल, पालकांचा आग्रह फार असतो. पेनल्टी कॉर्नरवर (गोलजवळच्या नियमभंगाबद्दल मिळणाऱ्या संधीवर) गोल होतात, नाव होतं, हे खरं. पण त्या हालचालीत कंबर एकाच वेळी वाकते आणि पिळली जाते, पुढच्या गुडघ्यावर जोराचा भार येतो. वाढ पूर्ण व्हायच्या आत रोज शेकडो फ्लिक मारून घेणं आम्हाला मान्य नाही. त्या वयात आम्ही फ्लिकचा वेग मोजतच नाही, फक्त पावलं आणि तोल पाहतो.

गोलरक्षकांचा हिशेब वेगळा. सविता पुनिया २०२१ मध्ये जगातली सर्वोत्तम गोलरक्षक ठरली तेव्हा तिशी ओलांडलेली होती, आणि पुढची दोन वर्षंही तो मान तिच्याकडेच राहिला. दुसऱ्या टोकाला आपल्या मध्य प्रदेशातल्या इटारसीचा, मधल्या फळीत खेळणारा विवेक सागर प्रसाद जानेवारी २०१८ मध्ये सतराव्या वर्षी वरिष्ठ संघात आला. आपल्या मुलाला या दोघांपैकी कुणाच्याही वेळापत्रकावर बसवू नका.

एक भेट पुरत नाही

पहिल्या पाहणीनंतर आम्ही फक्त कच्ची नोंद देतो. पूर्ण अहवाल दुसऱ्या पाहणीनंतर, मध्ये किमान सहा महिने गेल्यावर. पहिल्या वेळी सांगितलेल्या गोष्टीवर तिने काय केलं, हे दुसऱ्या वेळी दिसतं. आमच्या लेखी तिच्या उद्याच्या खेळाबद्दल याहून खात्रीची खूण दुसरी नाही. दोन्ही पाहण्या शक्यतो फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ठेवतो. मे-जूनच्या उन्हात ग्वाल्हेरच्या टर्फवर कुणाचाही खरा खेळ दिसत नाही, आणि जानेवारीच्या धुक्यात तर चेंडूही दिसत नाही.

संघांसाठी एक सूचना. ज्युनिअरला संघात घेणं आणि तिला घडवणं या दोन गोष्टी आहेत. नियमापोटी घेतलेली मुलगी हंगामभर बाकावर बसली, तर तिचा खेळ घरी परतताना होता तिथेच राहिलेला असतो. तिला किती मिनिटं मिळाली, कोणत्या जागेवर, सरावात ती कुणाच्या शेजारी खेळली, हे आम्हाला कळवा. त्याशिवाय तिच्या प्रगतीवर लिहिणं अन्याय होईल.

आम्ही निवडीची हमी देत नाही, कोणत्याही संघाकडून किंवा अकादमीकडून दलाली घेत नाही, आणि वय कमी दाखवलेल्या कागदांवर काम करत नाही. अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा अहवाल पालकांच्या लेखी संमतीशिवाय कोणत्याही संघाला जात नाही.

पाहणीला येताना जन्मदाखला, जुन्या दुखापतींचे कागद आणि मुलगी रोज वापरते तीच स्टिक आणावी. नवी स्टिक त्या दिवशी नको. सामन्याचं चित्रीकरण असेल तर संपूर्ण सामन्याचं आणावं, फक्त गोलांचे तुकडे जोडलेलं नको. पालकांनी पाहणीच्या वेळी कठड्यामागे बसावं आणि मैदानाकडे ओरडून सूचना देऊ नयेत. मुलगी कुणाचं ऐकून खेळते हे आम्हाला पाहायचं असतं.