परसातून कार्यशाळेत: शोरो आणि सांबा एकत्र शिकण्याची पार्श्वभूमी

१८७१ साली रिओ दि जानेरोच्या शाही संगीत विद्यालयात फ्लूटचा शिक्षक म्हणून जोआकिम कालादो याची नेमणूक झाली. वय तेव्हा जेमतेम २२-२३. विद्यालयात तो युरोपीय पद्धतीचं वादन शिकवायचा. पण शोरो या ज्या वाद्यसंगीतामुळे आज त्याचं नाव घेतलं जातं, ते तिथे शिकवलंच जात नव्हतं. ते शिकायचं तर संध्याकाळी कुणाच्या तरी घरी, वाढदिवसाला किंवा बाप्तिस्म्याच्या जेवणाला, गिटार घेऊन त्याच्या शेजारी बसावं लागे. आज ब्राझीलमध्ये आणि बाहेरही शोरो-सांबाच्या सामूहिक कार्यशाळा भरतात. त्यांचं मूळ या घरगुती बैठकांमध्ये आहे. परंपरा आटल्यावर काढलेली आधुनिक सोय म्हणजे कार्यशाळा, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. हे संगीत घोळक्यात जन्मलं आणि घोळक्यातच शिकलं गेलं. कार्यशाळेने त्याला वेळापत्रक दिलं आणि अनोळखी माणसासाठी दार उघडलं.

१८४५ मध्ये पोल्का रिओच्या रंगमंचावर आला आणि शहराला त्याचं वेड लागलं. पोल्का, वॉल्ट्झ, शॉटिश हे युरोपीय नाच आफ्रिकी वंशाच्या वादकांच्या हाती आले, तेव्हा त्यांचे आघात जागचे हलले. या ढंगाला आणि तो वाजवणाऱ्या संचाला शोरो म्हणू लागले. स्वतंत्र प्रकार म्हणून त्याची ओळख नंतरची. संच छोटा असे: एक फ्लूट, दोन गिटार, एक काव्हाकिन्यो. काव्हाकिन्यो हे चार तारांचं लहानसं पोर्तुगीज वाद्य. हल्ली आपल्याकडे मुलांच्या हातात दिसतो तो युकुलेले त्याच कुळातला.

वादक बहुतेक टपाल-तार, कस्टम, रेल्वे अशा खात्यांतले साधे नोकरदार. फ्लूटवाल्याला बहुधा नोटेशन वाचता येई, बाकीचे कानावर वाजवत. मग फ्लूटवाला मुद्दाम आडवळण घ्यायचा, साथीदारांना चकवून पाडायला बघायचा. जो पडला, तो पुढच्या बैठकीला घरून घोकून यायचा. हा खेळ म्हणजेच अभ्यासक्रम होता. शोरोची नेहमीची बांधणीही शिकणाऱ्याच्या सोयीची आहे. तीन भाग असतात, बहुधा वेगवेगळ्या पट्ट्यांतले, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भागानंतर वादक पुन्हा पहिल्यावर येतात. सुरुवातीला ज्याचा कॉर्ड चुकला, त्याला तो सुधारायची संधी त्याच चालीत आणखी दोनदा मिळते.

या जगाची सगळ्यात जिवंत नोंद एका पोस्टमनने करून ठेवली आहे. अलेशांद्रे गोन्साल्व्हिस पिंतो याने १९३६ मध्ये जुन्या शोरो वादकांच्या आठवणींचं पुस्तक छापलं. त्यात शेकडो माणसं आहेत: कोण कुठल्या खात्यात होता, कोणाची बोटं कशी चालायची, कोणाच्या घरी पाहुणचार कसा असे. यजमानाकडे पोहोचलेले वादक आधी स्वयंपाकघराचा अंदाज घेत. मांजर चुलीवर झोपलंय अशी खूण मिळाली की समजायचं, आज चूल पेटलेलीच नाही, आणि काढता पाय घ्यायचा. पैसे कोणी मागत नसे. पोटभर जेवण आणि पहाटेपर्यंत वाजवणं हाच मोबदला.

सांबाची गोष्ट याच शहरात, पण जास्त खडतर वाटेने गेली. १८८८ मध्ये ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. त्याच्या आधीपासून आणि नंतरही बाहिया प्रांतातून कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबं रिओला येऊन बंदराजवळ आणि प्रासा ओन्झे या चौकाच्या आसपास राहिली. तिथल्या बाहियाच्या ‘मावश्यां’मध्ये सिआता सगळ्यांत प्रसिद्ध. ती मिठाई विकायची, कांदोंब्ले या आफ्रिकी-ब्राझिलियन धर्मात तिला मान होता आणि तिचं घर वादकांनी भरलेलं असायचं. पुढच्या खोलीत शोरो, मागच्या खोलीत सांबा, परसात ढोल, असं त्या घराचं वर्णन पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. पोलीस आले तरी दर्शनी खोलीत प्रतिष्ठित वाटणारं संगीत चालू! ‘पेलू तेलेफोनी’ हे गाणं १९१६ च्या अखेरीस तिथल्याच बैठकांतल्या दोंगा या वादकाने स्वतःच्या नावावर नोंदवलं आणि १९१७ च्या कार्निव्हलमध्ये ते गाजलं, तेव्हा हे तर आपण सगळ्यांनी मिळून रचलंय, म्हणून सिआताच्या वर्तुळातून तक्रार उठली. सामूहिक संगीताला एकाच मालकाचं नाव लागलं की काय होतं, ते पहिल्याच मोठ्या सांबात दिसलं.

पोलिसांची भीती खोटी नव्हती. जोआंव दा बायाना हा पांदेइरो वाजवायचा. पांदेइरो म्हणजे झांजा लावलेली, खंजिरीच्या जातीची चौकट, पण अंगठा, बोटांची टोकं आणि तळव्याची टाच यांच्यात ठेका वाटून घेणारी. पोलिसांनी त्याचं वाद्य जप्त केलं. पिन्येइरो माशादो या वजनदार सिनेटरच्या घरी त्याला वाजवायला बोलावलं होतं; तो आला नाही म्हणून चौकशी झाली, कारण कळलं आणि सिनेटरने त्याला नवा पांदेइरो दिला, त्यावर स्वतःच्या नावाचे अर्पणाचे शब्द कोरून. पुढे जोआंवच्या वाद्याला हात लावायची कोणा पोलिसाची हिंमत झाली नाही. आज कित्येक कार्यशाळांत नवशिक्याच्या हातात पांदेइरो दिला जातो. तो देताना ही हकिकत सांगायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

१९२८ च्या सुमारास एस्तासिओ वस्तीतल्या तरुणांनी ‘देइशा फालार’ नावाचं मंडळ काढलं आणि त्याला ‘सांबाची शाळा’ म्हटलं. जवळच शिक्षक घडवणारं विद्यालय होतं. आपणही सांबाचे शिक्षकच, असं त्यामागचं म्हणणं मंडळातले संगीतकार इस्माएल सिल्वा सांगत असत. जुन्या सांबावर नाचता येई, पण रस्त्यावर मिरवणुकीने चालता येत नसे, हेही त्यांचंच सांगणं. नवा ठेका ते तोंडाने म्हणून दाखवायचे: ‘बुम बुम पातिकुम्बुम प्रुगुरुन्दुम’. या चालण्याच्या सांबाला पायाखाली भक्कम ठोका हवा होता. तो देणारा सुर्दो हा मोठा ढोल बनवण्याचं श्रेय बीदे या एस्तासिओच्याच वादकाला दिलं जातं. लोण्याच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यावर त्याने चामडं ताणलं होतं. १९३२ मध्ये प्रासा ओन्झेला सांबा शाळांची पहिली स्पर्धा झाली आणि मांगेइरा ही शाळा जिंकली.

सांबा शाळेच्या तालवृंदाला बातेरिया म्हणतात, आणि त्यातली कामाची वाटणी समजल्याशिवाय कार्यशाळेची पद्धत समजत नाही. दोन मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या मात्रेवर सगळ्यात खर्जातला सुर्दो पडतो, पहिल्या मात्रेवर त्याला उत्तर देणारा दुसरा सुर्दो, आणि तिसरा सुर्दो दोघांमधल्या मोकळ्या जागा भरतो. वर काइशा (पातळ ढोल), तांबोरीम (काठीने वाजवायची छोटी चौकट), आगोगो (जोडघंटा), शोकाल्यो (खुळखुळा) आणि घशातून आवाज काढल्यासारखी कुईका. मांगेइराने मात्र उत्तर देणारा सुर्दो ठेवलाच नाही. त्यामुळे तिचा बातेरिया लांबूनही ओळखू येतो. एकट्याने घरी बसून सुर्दो शिकता येत नाही, कारण एका सुर्दोचं वादन म्हणजे अर्धं वाक्य. मेस्त्रे, म्हणजे वृंदाचा प्रमुख, शिट्टीने आणि हाताच्या खुणांनी शेकडो जणांना सांभाळतो. नवा माणूस जाणत्याच्या शेजारी उभा राहून त्याचा हात बघत शिकतो. तबल्यासारखी ठरलेली बोलांची पद्धत इथे नाही, पण तांबोरीमचा ठेका ‘तेलेको-तेको’ असा तोंडात बसवूनच हातात उतरवतात.

शोरोकडे परत येऊ. १९३० ते १९५० च्या दशकांत रेडिओमुळे शोरो वादकांना पगाराची नोकरी मिळाली. गायकाला तिथल्या तिथे साथ करणारे छोटे संच प्रत्येक केंद्राला लागत. फ्लूटवादक बेनेदितो लासेर्दाच्या संचात दीनो आणि मेइरा हे दोन गिटारवादक होते. १९४० च्या दशकात पिशिंगिन्यासारखा थोर फ्लूटवादक टेनर सॅक्सोफोनकडे वळला आणि लासेर्दाच्या फ्लूटखाली खर्जातून उलट्या सुरावटी गुंफू लागला. शेजारी बसलेल्या दीनोने त्या कानात साठवल्या आणि पुढे सात तारांच्या गिटारवर आणल्या. सात तारांच्या गिटारची आजची भाषा पुस्तकातून आलेली नाही. ती अशी शेजारच्या खुर्चीवरून आली.

मेइराचं काम कमी गाजलं, पण माझ्या लेखी तो या सगळ्या गोष्टीचा सांधा आहे. तो घरी गिटार शिकवायचा आणि धडा झाला की विद्यार्थ्यांना सोबत घेऊन वाजवायचा. पुढे नावाजलेला गिटारवादक बादेन पॉवेल लहानपणी त्याच्याकडे शिकला. पुढे राफाएल राबेलो आणि माउरिसिओ कारिल्यो हेही त्याचेच विद्यार्थी. दुसरीकडे मँडोलिनवादक जाकोब दो बांदोलीम, पेशाने कोर्टातला कारकून, रिओच्या जाकारेपाग्वा भागातल्या आपल्या घरी मैफली भरवत होता. तो नोटेशन आणि रेकॉर्ड जमवायचा आणि संचाकडून काटेकोर तालमी करून घ्यायचा. १९६९ मध्ये तो गेला. तोवर रेडिओचे संच मोडीत निघाले होते आणि बोसा नोव्हापासून रॉकपर्यंत नव्या लाटांनी शोरोला म्हाताऱ्यांचं संगीत ठरवलं होतं. प्रासा ओन्झेचा बराचसा भाग तर १९४० च्या दशकातच प्रेसिदेंत व्हार्गास या रुंद रस्त्याखाली गेला होता. जिथे बसून शिकायचं, ती परसंच उरली नव्हती.

१९७० च्या दशकात नव्या पिढीने शोरो पुन्हा उचलला. ब्राझिलिया ही १९६० मध्ये वसलेली राजधानी. बदलीवर आलेल्या सरकारी नोकरांबरोबर शोरो तिथे पोहोचला होता. मूळच्या फ्रेंच फ्लूटवादक ओदेत एर्नेस्त दिआस यांच्या घरच्या बैठकांना येणाऱ्यांतून १९७७ मध्ये तिथला शोरो क्लब उभा राहिला, आणि १९९८ मध्ये त्याची शाळा. शाळेला नाव दिलं राफाएल राबेलोचं. तो १९९५ मध्ये ऐन तिशीत वारला होता. रिओमध्ये २००० साली माउरिसिओ कारिल्यो, राफाएलची बहीण आणि काव्हाकिन्योवादक लुसियाना राबेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोरोची कार्यशाळा सुरू केली. तिचीच पुढे ‘एस्कोला पोर्तातिल’ झाली.

या शाळेचे वर्ग ऊर्का भागातल्या विद्यापीठाच्या आवारात शनिवारी भरू लागले. वाद्यांप्रमाणे वेगवेगळे वर्ग, आणि मग सगळे विद्यार्थी, पहिल्या वर्षाचे आणि मुरलेले, बाहेर झाडांखाली एकत्र येऊन तीच चाल वाजवतात. या जमावाला बांदाओ म्हणतात. ज्याला चारच कॉर्ड येतात, तो चारच वाजवतो, पण बरोबर जागी. मेइराच्या घरी धड्यानंतर जे चालायचं, ते इथे शेकडो जणांसाठी चालतं. शिकून बाहेर पडलेले कित्येक जण आता तिथेच शिकवतात. २०१५ मध्ये याच मंडळींनी रिओच्या मध्यवस्तीत, कारिओका रस्त्यावर, शोरोचं स्वतंत्र घर उघडलं. २०२४ मध्ये ब्राझीलच्या वारसा संस्थेने शोरोला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

सांबामध्येही २००० च्याच सुमारास असं घडलं. मोनोब्लोको हा रिओचा तालवृंद कार्यशाळेतूनच निघाला: वर्षभर शिकायचं आणि कार्निव्हलमध्ये रस्त्यावर उतरायचं. वस्तीशी नातं नसलेली, सांबा शाळेत पाय ठेवायला बिचकणारी माणसं यामुळे ढोलापर्यंत आली. बायकांसाठी हा बदल मोठा होता. शोरोच्या आरंभकाळात शिकिन्या गोंझागा या संगीतकार स्त्रीने पियानो वाजवत पुरुषांच्या बैठकीत जागा मिळवली होती, पण बातेरियात ढोल बराच काळ पुरुषांच्याच हाती राहिले. कार्यशाळेत असा अडसर नव्हता.

ब्राझीलबाहेर ही वाट त्याआधीच सुरू झाली होती. लंडनची सांबा शाळा १९८४ ची. जर्मनीतल्या कोबुर्ग गावात १९९२ पासून सांबा महोत्सव भरतो. कॅलिफोर्नियातल्या काझाडेरोच्या रेडवूड जंगलात दर उन्हाळ्यात ब्राझीलचे मेस्त्रे येऊन शिबिर घेतात. अशा शिबिरांविषयी एक गोष्ट मला खटकते. परदेशी विद्यार्थी छापील नोटेशन घेऊन येतो, मेलडी आठवडाभरात बसवतो आणि शोरो आला असं समजतो. साथ मात्र त्या कागदावर नसते. खर्जातली उलटी सुरावट, काव्हाकिन्योचा मधला ठेका, पांदेइरोच्या झांजांचं मागे-पुढे होणं हे शेजाऱ्याकडूनच उचलावं लागतं. म्हणून जाणते शिक्षक दिवसभराच्या वर्गांनंतर रात्री रोदा भरवतात: मध्ये टेबल, भोवती वादक, समोर कागद नाही. आणि नवशिक्याला सांगतात की आज वाजवू नकोस, सात तारांच्या गिटारशेजारी खुर्ची ओढून बस आणि त्याचा अंगठा बघ.