ए२० गेट

इंटेल ८०८६ कुळातील संगणकांत मेमरीच्या पत्त्याची एकविसावी रेषा चालू-बंद करणारी सोय. रेषांची मोजणी शून्यापासून होत असल्याने तिला ए२० म्हणतात.

८०८६ (१९७८) या प्रोसेसरला २० पत्तारेषा होत्या. म्हणजे १ मेगाबाइटची मर्यादा. पत्ता सेगमेंट (विभागाचा आरंभ) आणि ऑफसेट (तिथपासूनचे अंतर) अशा दोन संख्यांत देतात. तो काढताना सेगमेंटला १६ ने गुणून त्यात ऑफसेट मिळवतात. ही बेरीज मर्यादेच्या ६५,५२० बाइट पुढे जाऊ शकते; पण हातचा ठेवायला रेषाच नसल्याने तो गळतो आणि पत्ता वळसा घेऊन शून्यापाशी येतो. ८०२८६ (१९८२) मध्ये २४ रेषा आल्या, हातचा टिकला आणि वळसा नाहीसा झाला. काही जुने प्रोग्रॅम वळशावर विसंबून असल्याने आयबीएमने पीसी/एटी (१९८४) या संगणकात तो परत आणला. त्यासाठी ए२० रेषेवर बसवलेल्या गेटचे नियंत्रण कीबोर्डच्या ८०४२ कंट्रोलरच्या एका मोकळ्या पिनेकडे दिले. कीबोर्डचा मेमरीशी एरवी काही संबंध नाही.

वळशावर नेमके कोणते प्रोग्रॅम विसंबून होते, याविषयी मतभेद आहेत. काही जण एक्सईपॅक या प्रोग्रॅमच्या फायली आवळणाऱ्या साधनाकडे बोट दाखवतात. मात्र ते एटीनंतरचे असावे. सीपी/एम या जुन्या कार्यप्रणालीच्या ‘कॉल ५’ पद्धतीचे अनुकरण हे कारण अधिक ग्राह्य वाटते. सीपी/एममध्ये पत्ता ५ वर प्रणालीला हाक मारत आणि पत्ता ६ वरील शब्दावरून (दोन बाइटच्या संख्येवरून) उपलब्ध मेमरी कळे. नंतरच्या डॉस या कार्यप्रणालीने प्रत्येक प्रोग्रॅमच्या आरंभी ५ व्या बाइटवर दूरची (सेगमेंट व ऑफसेट दोन्ही देणारी) कॉल-आज्ञा ठेवली. तिचा ऑफसेट (षोडशमान पद्धतीत एफईएफ०) ६ व्या बाइटवर येतो आणि तोच मेमरीचा आकार म्हणून वाचला जातो. एका शब्दाने दोन कामे साधायची, तर सेगमेंट त्याला जुळवून घेणे भाग होते. म्हणून तो एफ०१डी ठेवला. बेरीज येते १०००सी०. हातचा गळला की उरतो सी०, आणि तिथे प्रणालीकडे नेणारी उडी-आज्ञा असते. वळसा नसेल, तर ही हाक भलतीकडेच जाते.

पुढे गेट उघडे ठेवून मर्यादेपलीकडचे ते ६५,५२० बाइट वापरात आले. एमएस-डॉस ५ (१९९१) आपला बराचसा भाग तिथे हलवी. त्यामुळे प्रोग्रॅम मेमरीत आणखी कमी पत्त्यांवर चढू लागले आणि एक्सईपॅकने आवळलेले काही बिघडले. त्यांच्यासाठी प्रोग्रॅम वरच्या पत्त्यांवर चढवणारी लोडफिक्स ही आज्ञा द्यावी लागली.

८०४८६ मध्ये या कामाची पिन प्रोसेसरवरच आली. हॅसवेल या प्रोसेसर-पिढीपासून इंटेलने ही सोय काढून टाकली.