फोटो सुटा होता कामा नये

सुरक्षित ओळखपत्र म्हटलं की डोळ्यांसमोर चमचमणारा होलोग्राम येतो. कार्डाची रचना करणाऱ्याला मात्र त्याहून मोठी काळजी असते ती एकाच्या अस्सल कार्डावर दुसऱ्याचा चेहरा बसण्याची. अख्खं कार्ड नव्याने बनवण्यापेक्षा खऱ्या कार्डातला फोटो किंवा जन्मतारीख बदलणं सोपं असतं. म्हणून फोटो, मजकूर आणि प्लास्टिक असे एकजीव करावे लागतात की एकाला हात लावला तर दुसरं बिघडलंच पाहिजे.

याची सुरुवात प्लास्टिकपासून होते. पाकिटात मावणाऱ्या कार्डाचं प्रमाण माप 85.60 × 53.98 मिमी आणि जाडी 0.76 मिमी. कॉलेज किंवा कारखान्याची कार्डं बहुतेक पीव्हीसीची असतात. पीव्हीसी 80 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि त्यावरचा रंगीत फोटो असतो अगदी वरच्या पृष्ठभागावर. त्याला संरक्षण एका पातळ फिल्मचं. ती कडेने सुटू लागली की फोटो उघडा पडतो. पॉलिकार्बोनेट हे दुसरं, जास्त टणक प्लास्टिक जवळपास 147 अंशांपर्यंत ताठ राहतं. त्याचे पाच-सात पातळ थर उष्णतेने आणि दाबाने एकमेकांत वितळवून जोडतात. मध्ये गोंद नसतो, म्हणून पातं घालायला फटही नसते.

त्यात फोटो छापत नाहीत, जाळतात. 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर वरच्या पारदर्शक थरांतून आरपार जातो आणि आतल्या खास थराचा ठिपक्याएवढा भाग कोळसा करतो. ऊर्जा कमीजास्त केली की फिका-गडद करडा रंग मिळतो. अशा कार्डावरचा मुख्य फोटो कृष्णधवल दिसतो तो यामुळे. ऊर्जा मुद्दाम वाढवली की प्लास्टिक किंचित फुगतं आणि अक्षर बोटाला लागतं. जन्मतारीख अशी उठावदार केली, तर तपासणाऱ्याला अंगठा फिरवूनच अंदाज येतो.

पण लेसरलाही मर्यादा आहे. जळलेलं पुसता येत नाही, तरी काळं वाढवता येतं. 3 चा 8 होऊ शकतो, तुळतुळीत हनुवटीवर दाढी येऊ शकते. त्यावर उपाय म्हणून तोच फोटो लहान करून दुसरीकडे फिकट उमटवतात आणि जन्मतारीख दोन-तीन ठिकाणी वेगवेगळ्या पद्धतीने घालतात. सूक्ष्म भिंगांच्या पट्टीखाली, कार्ड तिरकं करताच बदलणारं चित्रही कोरता येतं. मग एका जागी केलेली खाडाखोड बाकीच्या जागांशी जुळत नाही.

छपाई पारखायची असेल तर 10 पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. कार्डाच्या पार्श्वभूमीवर वेलबुट्टीसारख्या गुंतलेल्या बारीक रेषा असतात. अस्सल छपाईत प्रत्येक रेषा स्वतंत्र शाईने ओढलेली, सलग आणि एकसंध रंगाची दिसते. घरगुती प्रिंटर तोच रंग निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके शेजारीशेजारी टाकून साधतो. भिंगाखाली रेषेच्या जागी ठिपक्यांचा चुरा दिसला की संशय घ्यावा. सूक्ष्म अक्षरांचंही तेच: खरी वाचता येतात, नकलेत त्यांची नुसती ठिपकेदार रेघ होते.

365 नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च आणखी एक गोष्ट दाखवतो. साध्या कागदात शुभ्रतेसाठी रसायन असतं, त्यामुळे तो निळसर उजळतो. पासपोर्टच्या पानांसारखा सुरक्षा-कागद मात्र मंदच राहतो आणि त्यावरची अदृश्य शाई तेवढी चमकते.

प्लास्टिकइतकाच विचार आकड्यांचाही करावा लागतो. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ओळींत जन्मतारखेनंतर एक तपास-अंक असतो, म्हणजे त्या तारखेच्या अंकांवरूनच काढलेला अंक. तारीख 870614 (14 जून 1987) घ्या. अंकांना क्रमाने 7, 3, 1, 7, 3, 1 ने गुणलं की 56 + 21 + 0 + 42 + 3 + 4 = 126, त्यातला शेवटचा अंक म्हणजे तपास-अंक 6. कोणी 87 चं 82 केलं तर बेरीज 111 आणि अंक 1 येतो. चूक पकडली जाते. मात्र शेजारच्या 6 आणि 1 ची अदलाबदल झाली तर ती निसटते, कारण दोन अंकांत 5 चा फरक असला की बेरजेतला बदल 10 च्या पटीत येतो. आधारच्या 12 अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक डच गणिती याकोबस व्हेरहूफ यांच्या 1969 च्या पद्धतीने काढतात. ती शेजारच्या अंकांची कोणतीही अदलाबदल पकडते. तरीही तपास-अंक फक्त चुका शोधतो, लबाडी नाही. गणित उघड आहे, ते कोणीही करू शकतं.

लबाडी पकडते ती डिजिटल स्वाक्षरी, म्हणजे गुप्त आकड्याने (किल्लीने) मजकुरावरूनच काढलेली खूण. आजच्या आधारवरच्या सुरक्षित क्यूआर कोडात नाव, पत्ता, जन्मतारीख, छोटा फोटो आणि शेवटी 256 बाइटची स्वाक्षरी असते. स्वाक्षरी करण्याची गुप्त किल्ली आधार देणाऱ्या प्राधिकरणाकडे (यूआयडीएआय), ती पडताळण्याची किल्ली सर्वांसाठी खुली. पत्त्यातलं एक अक्षर बदललं तरी पडताळणी फसते. प्राधिकरणाचं ॲप हे इंटरनेटशिवाय करतं. म्हणूनच छापील फोटो बघून कार्ड परत देणं ही मोठी चूक आहे. स्कॅन करा, पडद्यावर आलेला फोटो समोरच्या चेहऱ्याशी ताडून पाहा. कोडाची हुबेहूब प्रत कोणीही काढू शकतो, पण त्यातला चेहरा बदलू शकत नाही.

लहान संस्थेला पॉलिकार्बोनेट परवडत नाही, आणि बहुधा गरजही नसते. साध्या पीव्हीसीवर नाव, फोटो, मुदत आणि स्वाक्षरी असलेला क्यूआर छापला तरी संरक्षण कितीतरी वाढतं. कोडात नुसता संकेतस्थळाचा पत्ता घालू नये. तसं केलं तर नकली कार्डावरचा कोड तशाच दिसणाऱ्या खोट्या पानावर नेतो आणि तिथे हिरवी खूण दिसते. पडताळणी संस्थेच्या स्वतःच्या ॲपनेच व्हावी. कोऱ्या कार्डांना अनुक्रमांक द्यावेत, छपाईत बिघडलेली कार्डं मोजून, कापून नष्ट करावीत. हरवलेल्या कार्डांची यादी गेटवरच्या ॲपमध्ये रोज पोचली पाहिजे, कारण हरवलेल्या कार्डाची स्वाक्षरी मुदत संपेपर्यंत खरीच ठरत राहते.