हा मेटल डिटेक्टर कोणत्या मातीसाठी बनला?

छंद म्हणून जुनी नाणी आणि जमिनीत हरवलेल्या वस्तू शोधायला मेटल डिटेक्टर घ्यायचा, असं कोणी ठरवलं की आधी शब्दांची रास समोर येते: व्हीएलएफ, मल्टी-फ्रिक्वेन्सी, डिस्क्रिमिनेशन, ग्राउंड बॅलन्स, पल्स इंडक्शन, डबल-डी कॉइल. विकणारे ही नावं गुणांच्या यादीसारखी वाचून दाखवतात. ज्या यंत्राची यादी लांब तेच चांगलं, असा घेणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात यातली प्रत्येक सोय कुठल्या तरी एका भागातल्या मातीमुळे किंवा कचऱ्यामुळे आलेल्या अडचणीवरचा तोडगा आहे. तुमच्या जमिनीत ती अडचण नसेल, तर त्या सोयीचे पैसे वाया गेले.

आपल्याकडे गुप्तधन दिसायला पायाळू माणूस लागायचा आणि त्याच्या डोळ्यांत घालायला अंजन. पाश्चात्त्य देशांत हे काम तारेच्या वेटोळ्यावर सोपवलं गेलं, आणि त्याचा पहिला गाजलेला प्रयोग जमिनीवर नव्हे, माणसावर झाला. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. एक गोळी शरीरात अडकली होती आणि ती नेमकी कुठे आहे ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी डेव्हिड ह्यूज यांच्या ‘इंडक्शन बॅलन्स’ या उपकरणात सुधारणा करून ते राष्ट्राध्यक्षांच्या अंगावरून फिरवलं. एका वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडायचा, शेजारचं वेटोळं शांत राहील असा तोल साधायचा. जवळ धातू आला की तोल बिघडतो आणि रिसीव्हरमध्ये आवाज येतो. तत्त्व बरोबर होतं, पण गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या आणि मुख्य डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले. आजही नवशिक्याचं पहिलं फसणं याच जातीचं असतं: पोलादी टोकाचे बूट घालून डिटेक्टर फिरवणं.

पुढचा टप्पा कॅलिफोर्नियातला. जर्मनीहून आलेले गेरहार्ड फिशर विमानांसाठी रेडिओने दिशा दाखवणाऱ्या यंत्रणेवर काम करत होते. काही ठिकाणी दिशा चुकीची दाखवली जाते आणि तिथे आसपास धातू किंवा धातुकं असतात, हे त्यांनी हेरलं. या चुकीचाच त्यांनी उपयोग करून घेतला. त्यांच्या ‘मेटॅलास्कोप’ला १९३७ मध्ये पेटंट मिळालं. ती दोन लाकडी खोकी होती, नाणं शोधण्यासाठी नव्हे, पाइप आणि खनिजांच्या शिरा शोधण्यासाठी.

हे यंत्र एका माणसाने हातात धरून चालवण्याजोगं झालं ते दुसऱ्या महायुद्धामुळे. पोलंडचे लेफ्टनंट युझेफ कोसात्स्की यांनी १९४१ मध्ये स्कॉटलंडमध्ये भूसुरुंग शोधक तयार केला. वजन १४ किलोंच्या आत, लांब दांड्याच्या टोकाला सपाट वेटोळी, कानाला हेडफोन. आजच्या छंदवाल्यांच्या यंत्राची बाह्याकृती जवळपास तीच आहे. १९४२ मध्ये एल अलामेनच्या वाळवंटात असे ५०० शोधक वापरले गेले. कोसात्स्कींनी पेटंट घेतलं नाही, रचना ब्रिटिश सैन्याला देऊन टाकली. बदल्यात राजे सहावे जॉर्ज यांचं आभारपत्र मिळालं.

युद्ध संपल्यावर सैन्याचे जादा शोधक बाजारात आले आणि हौशी लोकांनी ते विकत घेतले. ओरेगॉनमधल्या स्वीट होम गावात १९५० मध्ये सुरू झालेली व्हाइट्स ही कंपनी आधी युरेनियम शोधणाऱ्यांसाठी गायगर काउंटर बनवत होती, मग धातूंकडे वळली. टेक्सासमध्ये चार्ल्स गॅरेट यांनी १९६४ मध्ये स्वतःची कंपनी काढली. (या कंपनीला भारतीय वाचक ओळखतो तो दारातल्या चौकटीमुळे आणि रक्षकाच्या हातातल्या दांडक्यामुळे. गॅरेटची सुरक्षा उपकरणं १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून गाजली.)

छंदाला खरी भरती आली ती अमेरिकी सरकारच्या एका कायद्यानंतर. १९६५ च्या नाणे कायद्याने डाइम (दहा सेंट) आणि क्वार्टर (पंचवीस सेंट) या नाण्यांमधली चांदी काढून टाकली. त्याआधी ही नाणी ९० टक्के चांदीची होती. लोकांनी चलनातली जुनी नाणी बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली; बागांत, शाळांच्या मैदानांत, जत्रांच्या जागी पडलेली मात्र मातीतच राहिली. ती हुडकायला त्या काळात होतं बीएफओ (बीट फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर) यंत्र. आत दोन कंपक, त्यांच्या फरकातून एक सूर; धातू जवळ आला की सूर चढतो किंवा उतरतो. खिळा आणि नाणं यांत फरक सांगणं त्याला जवळपास अशक्य. खनिजयुक्त जमिनीवर तर जमीनच सतत गाऊ लागायची.

त्यातच १९६० च्या दशकात शीतपेयांच्या डब्यांवर ओढून काढायची अ‍ॅल्युमिनियमची कडी आली. लोक ती ओढायचे आणि तिथेच टाकायचे. काही वर्षांत अमेरिकेच्या बागा या कड्यांनी भरल्या, आणि डिटेक्टर बनवणाऱ्यांचं सगळं लक्ष एका प्रश्नावर आलं: न खणता कचरा कसा ओळखायचा?

उत्तर व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी) यंत्रांनी दिलं. ही यंत्रं काही हजार हर्ट्झच्या कमी फ्रिक्वेन्सीवर चालतात. जमिनीतल्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह तयार होतात आणि त्यांचा प्रतिसाद मूळ लहरीच्या थोडा मागे पडतो. किती मागे, ते धातूवर अवलंबून असतं. चांदी-तांब्यासारख्या उत्तम वाहकांचा एक कोन, पातळ अ‍ॅल्युमिनियमचा दुसरा, लोखंडाचा वेगळाच. हा कोन मोजून नको ते गाळणं म्हणजे डिस्क्रिमिनेशन, आणि तोच कोन आकड्यात दाखवणं म्हणजे टार्गेट आयडी. ही आकडेवारी पडद्यावर आणण्यात जॉर्ज पेन या अमेरिकी अभियंत्याचा मोठा वाटा आहे.

पण निसर्गाने इथे एक खोडी काढून ठेवली आहे. डब्याची कडी, अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं आणि पुष्कळशा सोन्याच्या अंगठ्या यांचे कोन एकमेकांच्या अगदी शेजारी पडतात. कडी गाळली की अंगठीही गाळली गेली. अनुभवी मंडळी म्हणूनच डिस्क्रिमिनेशन कमीत कमी ठेवतात आणि कानाला शिकवतात. यंत्र विकताना हे कोणी सांगत नाही, कारण कमी खणावं लागेल हाच तर विक्रीचा मुद्दा.

दुसरी अडचण आपल्याला जास्त जवळची. गॅरेटच्या ‘एस’ (Ace) २५० सारख्या लोकप्रिय यंत्रावर वरच्या पट्टीत निकेल, पेनी, डाइम, क्वार्टर अशी नावं छापलेली असतात. ती अमेरिकेच्या खिशातली नाणी आहेत. भारतात १९९२ नंतरचा रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा, म्हणजे चुंबकाला चिकटणारा. लोखंड गाळायला सांगितलेलं यंत्र आपला आधुनिक रुपया खिळ्याच्या वर्गात टाकू शकतं. बाहेरून मागवलेल्या डिटेक्टरवरची चित्रं पाहून मॉडेल निवडणाऱ्याने एवढं तरी लक्षात ठेवावं.

ऑस्ट्रेलियाने वेगळा धडा दिला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस व्हिक्टोरियात डिटेक्टर घेऊन सोनं शोधणाऱ्यांची लाट उसळली, आणि १९८० मध्ये तिथे ‘हँड ऑफ फेथ’ हा २७ किलोंहून जड सोन्याचा गोळा गॅरेटच्या डिटेक्टरने सापडला. पण तिथली लाल, लोहयुक्त जमीन अमेरिकी यंत्रांना बधत नव्हती. १९८५ मध्ये अ‍ॅडलेडला माइनलॅब कंपनी निघाली ती याच प्रश्नावर. बागेतल्या चांगल्या मातीवर जी गोष्ट कारखान्यात एकदा जुळवून देता येत होती, ती ग्राउंड बॅलन्सची, म्हणजे मातीतल्या खनिजांचा आवाज वगळण्याची, जुळणी तिथे पावलोपावली बदलावी लागायची. सोन्यासाठी त्यांनी पल्स इंडक्शन पुढे नेलं. ही पद्धत १९६० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये पुरातत्त्वाच्या कामासाठी घडत होती: सतत लहर सोडण्याऐवजी झटका द्यायचा, थांबायचं, मग ऐकायचं. खनिजयुक्त माती तिला फारशी अडवत नाही, पण लोखंड ओळखण्यात ती कच्ची. जिथे खिळेच खिळे आहेत अशा जुन्या वस्तीच्या जागी ती घेऊन गेलात तर दिवसभर गंजलेलं लोखंड काढत बसाल. समुद्राच्या ओल्या, खाऱ्या वाळूवर एकाच फ्रिक्वेन्सीच्या व्हीएलएफ यंत्राचा तोल जातो, त्यासाठी १९९१ च्या सुमारास एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी यंत्रं आली. आज मल्टी-फ्रिक्वेन्सी म्हणून मिरवतात ती त्यांचीच पुढची पिढी.

इंग्लंडची गोष्ट माती आणि कायदा अशा दोन्ही अंगांनी वाचायला हवी. तिथे नांगरटीच्या शेतात रोमन काळापासूनचं लोखंड विखुरलेलं असतं आणि हातोड्याने पाडलेली मध्ययुगीन चांदीची नाणी नखाएवढी पातळ. पातळ वस्तूला थोडी चढी फ्रिक्वेन्सी लागते, आणि खिळ्याला खेटून पडलेलं नाणं सुटू नये म्हणून यंत्राला एका आवाजातून पटकन सावरून दुसरा द्यावा लागतो. युरोपातल्या कंपन्या, विशेषतः फ्रान्सची एक्सपी, या गुणावर मोठ्या झाल्या.

पण १९८० मध्ये ब्रिटिश पुरातत्त्ववाल्यांनी डिटेक्टरविरुद्ध ‘स्टॉप’ ही मोहीम उघडली होती, आणि ती उगाच नव्हती. सरेतल्या वॉनबरो इथल्या रोमन-ब्रिटिश देवळाची जागा त्याच दशकात रात्रीच्या शोधकांनी अक्षरशः उकरून लुटली. उलट नमुना १९९२ चा. सफकमधल्या हॉक्सन गावात एरिक लॉज हे निवृत्त गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला डिटेक्टर घेऊन गेले आणि रोमन सोन्याचांदीचा साठा हाती लागला. थोडं दिसताच त्यांनी खणणं थांबवून कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी जवळपास १५ हजार नाणी जागच्या जागी नोंदवून काढली. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. १९९६ चा ट्रेझर कायदा आणि पाठोपाठ सुरू झालेली पोर्टेबल अँटिक्विटीज योजना यांनी हौशी माणसाला चोर न ठरवता नोंद करणारा भागीदार केलं. त्या योजनेत १५ लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. संरक्षित स्मारकावर मात्र परवानगीशिवाय डिटेक्टर फिरवणं तिथेही गुन्हाच. अमेरिकेतही १९८४ मध्ये लिटल बिगहॉर्न या अमेरिकी सैन्य आणि मूलनिवासी यांच्यातल्या जुन्या लढाईच्या रणांगणावर पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टरवाले स्वयंसेवक सोबत घेऊन गोळ्या-काडतुसांच्या जागा नकाशावर मांडल्या आणि लढाई कशी सरकत गेली ते वाचलं. वस्तूपेक्षा ती कुठे होती याला किती किंमत असते, ते तिथे दिसलं.

यूकेत किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला हा छंद जमीनमालकाच्या परवानगीने करता येतो. आयर्लंडमध्ये पुरातन वस्तूंसाठी डिटेक्टर वापरायला सरकारी संमती लागते. भारतात तर चित्रच निराळं. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे: मातीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचं आणि ती जमा करायची. रक्कम ब्रिटिश काळातलीच, त्यामुळे आज जवळपास काहीही त्यात बसतं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं हे पुरावशेष ठरतं. शिवाय संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. गडावर डिटेक्टर घेऊन शिवराई शोधायची कल्पना मनात असेल तर ती तिथेच सोडावी. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये मडक्यात सापडलेल्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांमुळे क्षत्रप राजा नहपान आणि सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी यांचा संबंध उलगडला. नहपानाच्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीचा छाप पुन्हा मारलेला होता. तेच साठे मूठमूठभर विकले गेले असते तर ही मोजणीच झाली नसती.

तरीही स्वतःच्या शेतात हरवलेला फाळ, विहिरीपाशी पडलेली अंगठी किंवा किनाऱ्यावर निसटलेलं मंगळसूत्र शोधायला कोणाला डिटेक्टर हवा असेल, तर आधी पायाखाली पाहावं. देशावरची काळी माती बसाल्टची, त्यात मॅग्नेटाइट. कोकणातला जांभा लोहाने भरलेला. कारखान्यात एकदाच जुळवलेलं स्वस्त यंत्र इथे खोली गमावतं किंवा खोटे आवाज देतं. म्हणून ग्राउंड बॅलन्स स्वतः करता येईल असं यंत्र पाहावं. पडद्यावरच्या आकड्यांपेक्षा हे महत्त्वाचं. डबल-डी कॉइल (इंग्रजी डी अक्षरासारखी दोन वेटोळी एकमेकांवर थोडी सरकवलेली) अशा मातीत साध्या गोल कॉइलपेक्षा शांत चालते. ओल्या वाळूत उतरायचं असेल तरच मल्टी-फ्रिक्वेन्सीचा खर्च. आणि खोलीचे दावे वाचताना, नाण्याएवढी वस्तू साधारण कॉइलच्या व्यासाइतक्या खोलीपर्यंतच नीट लागते हा जुना ठोकताळा धरावा. मोठी कॉइल घेतली की थोडी खोली मिळते आणि बारीक वस्तू सुटू लागतात.