व्हिटा (अमेरिकेतील मोफत करसाहाय्य)

व्हिटा : अमेरिकेतील अल्प उत्पन्न कुटुंबांचे प्राप्तिकर विवरणपत्र विनामूल्य तयार करून देणारा कार्यक्रम. ‘व्हॉलंटिअर इन्कम टॅक्स असिस्टन्स’ या पूर्ण नावाची आद्याक्षरे घेऊन हे नाव रूढ झाले. प्रशिक्षण, सॉफ्टवेअर आणि नियम इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस (आयआरएस) हे केंद्रीय महसूल खाते पुरवते. केंद्रे मात्र स्थानिक सेवाभावी संस्था, ग्रंथालये, विद्यापीठे, चर्च आणि लष्करी तळ चालवतात. १९६९च्या करसुधारणा कायद्यानंतर हा कार्यक्रम आकाराला आला. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या ‘टॅक्स काउन्सेलिंग फॉर द एल्डरली’ (टीसीई) या जोडकार्यक्रमाला १९७८च्या महसूल कायद्याने मान्यता मिळाली. कोविडची वर्षे सोडली तर दोन्ही कार्यक्रम मिळून दरसाल वीस लाखांहून अधिक विवरणपत्रे भरून देतात. देशभरातील वैयक्तिक विवरणपत्रांची संख्या सोळा कोटींच्या आसपास आहे, हे पाहता हा वाटा लहानच.

ज्याचे उत्पन्नच तुटपुंजे, त्याला रिटर्न भरायला मदत कशाला, असा प्रश्न भारतीय वाचकाला पडू शकतो. आपल्याकडे करपात्र मर्यादेखालच्या कामगाराचा रिटर्नशी सहसा संबंध येत नाही. अमेरिकेतला कमी पगाराचा नोकरदार मात्र बहुधा सरकारकडून पैसे मिळवण्यासाठी रिटर्न भरतो. याचे मूळ १९७५ साली लागू झालेल्या ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’मध्ये, म्हणजे ईआयटीसीत आहे. कष्टाच्या कमाईवर मिळणारी ही सवलत कर शून्यावर आल्यावरही थांबत नाही. उरलेली रक्कम सरकार रोख देते. सुरुवातीला ती पहिल्या ४,००० डॉलर कमाईच्या दहा टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ४०० डॉलर होती. १९७८ साली ती कायम झाली आणि १९८६, १९९० व १९९३ साली वाढत गेली. २०२४च्या कमाईवर दोन मुलांच्या कुटुंबाला कमाल ६,९६० डॉलर, तीन किंवा अधिक मुले असल्यास ७,८३० डॉलर मिळू शकत होते. मूल नसलेल्याला फक्त ६३२. दुकानात किंवा स्वयंपाकघरात राबणाऱ्या एकट्या आईसाठी ही काही महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम होते. तरीही पात्र असणाऱ्यांपैकी साधारण पाचातील एक जण ती मागतच नाही, असे आयआरएसच सांगते.

कारण ती मागणे सोपे नाही. मूल वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ अर्जदाराच्या घरी राहिले का, आजी आणि आई एकाच घरात असतील तर मूल कोणाच्या खाती दाखवायचे, वेगळे राहणाऱ्या नवराबायकोंनी कसे भरायचे, या सगळ्याचे नियम आहेत. बेपर्वाईने किंवा जाणूनबुजून नियम डावलून चुकीचा दावा केल्याचे ठरले तर दोन वर्षे, फसवणूक ठरली तर दहा वर्षे सवलत बंद. गरिबाला द्यायची मदत संसदेने देशातल्या सर्वांत किचकट अर्जांपैकी एकात नेऊन ठेवली आणि मग तो अर्ज भरून द्यायला स्वयंसेवक उभे करावे लागले, असेच या कार्यक्रमाबद्दल म्हणावे लागते.

मधली पोकळी बाजाराने आधीच हेरली होती. गरीब वस्त्यांतली रिटर्न भरून देणारी दुकाने शुल्क तर घेतच, शिवाय येणाऱ्या रिफंडवर आठवड्या-दोन आठवड्यांचे कर्जही बँकांकडून मिळवून देत. वर्षाच्या हिशेबाने त्याचे व्याज अनेकदा तीन आकडी निघे. आयआरएसने २०११च्या हंगामापासून रिफंडमधून करदात्याची थकबाकी कापली जाणार का, याचा बँकांना इशारा देणे थांबवले, नियामकांनीही दबाव आणला आणि २०१२पर्यंत बँका या धंद्यातून बाहेर पडल्या. शुल्क रिफंडमधूनच कापून घेण्याची पद्धत मात्र टिकून आहे. पैसे घेऊन रिटर्न भरणाऱ्यांना परीक्षा सक्तीची करण्याचा आयआरएसचा प्रयत्न न्यायालयाने मोडीत काढला. २०१४ साली अपील न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. परिणामी ओरेगन, कॅलिफोर्निया अशी मोजकी राज्ये सोडली तर नोंदणी क्रमांक घेऊन कोणीही हे दुकान थाटू शकतो. फुकट काम करणाऱ्या व्हिटाच्या स्वयंसेवकाला मात्र परीक्षा चुकत नाही.

केंद्रे साधारण जानेवारीअखेर ते १५ एप्रिल या काळात गजबजतात. येणाऱ्याने फोटो ओळखपत्र, कुटुंबातील सर्वांची सोशल सिक्युरिटी कार्डे, मालकाकडून आलेला पगाराचा डब्ल्यू-२ फॉर्म आणि बँक खात्याचा तपशील आणायचा. संयुक्त विवरणपत्र असेल तर सहीसाठी पतिपत्नी दोघेही हवेत. आधी प्रश्नावली भरून घेतात, मुलाखत होते आणि विवरणपत्र तयार झाल्यावर दुसरा प्रमाणित स्वयंसेवक ते तपासतो. लेखाशास्त्राचे विद्यार्थी आणि निवृत्त माणसे यांचा भरणा अधिक असतो. मोबदला घेता येत नाही. विवरणपत्र भरण्याच्या टेबलावर देणगीचा डबासुद्धा ठेवता येत नाही. २०२५च्या हंगामात ही मदत मिळण्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साधारण ६७,००० डॉलर होती. घसाऱ्याचे हिशेब, तोट्यातला धंदा अशी प्रकरणे केंद्रे घेत नाहीत. आयआरएसशी वाद झालाच तर १९९८च्या कायद्याने अनुदान मिळू लागलेली अल्प उत्पन्न करदात्यांची कायदेशीर मदत केंद्रे वेगळी आहेत.

अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) २००७च्या अखेरीस व्हिटासाठी अनुदान सुरू केले आणि २०१९च्या कायद्याने ते कायम केले. सरकारने स्वतःची मोफत ऑनलाइन सोय ‘डायरेक्ट फाइल’ या नावाने २०२४ साली १२ राज्यांत आणि २०२५ साली २५ राज्यांत चालवली, पण २०२६च्या हंगामासाठी ती बंद केली.

मराठी माणसाची व्हिटाशी गाठ बहुधा विद्यापीठाच्या आवारात पडते. एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी सहसा पहिली पाच कॅलेंडर वर्षे करदृष्ट्या अनिवासी असतो. त्याला १०४०-एनआर हा वेगळा फॉर्म आणि उत्पन्न नसले तरी ८८४३ हा फॉर्म भरावा लागतो. त्यासाठी परदेशी विद्यार्थ्यांचे स्वतंत्र प्रमाणपत्र मिळवलेले स्वयंसेवक लागतात. सगळ्या केंद्रांवर ते नसतात. अनिवासींना एरवी प्रमाणित वजावट (उत्पन्नातून वजा होणारी ठरावीक रक्कम) मिळत नाही, पण भारत-अमेरिका करकराराच्या एकविसाव्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला ती मिळते. २०२४च्या उत्पन्नासाठी एकट्या व्यक्तीला ती १४,६०० डॉलर होती. ईआयटीसी मात्र पूर्ण वर्ष निवासी न मानल्या गेलेल्याला सहसा मिळत नाही. आणि एच-१बीवरच्या नोकरदाराची पत्नी एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर असून तिच्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल, तर संयुक्त विवरणपत्रावर, उत्पन्न मर्यादेत बसत असले तरीही, ती सवलत नाकारली जाते.